चिंधीवरचं नाव

१

आमच्या कारखान्यात सकाळचं पहिलं काम ठरलेलं असतं. कारखाना म्हणायची आपली पद्धत. प्रत्यक्षात दोन खोल्या, भरतकामाची तीन मशिनं आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरतोच जास्त. तर सकाळी आल्याआल्या मशिनला एक चिंधी लावायची, तिच्यावर एक नाव भरायचं, आणि ते नीट उमटलं तरच गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावायचा. शाळेचे स्वेटर, डॉक्टरांचे कोट, लॉजचे टॉवेल, आम्ही सगळ्यांवर नावं भरतो. चुकलं तर उसवता येतं, पण सुईची भोकं राहतात आणि गिऱ्हाईक ती बरोबर शोधून काढतं.

कारखाना माझ्या नणंदेचा. मी त्यांना ताई म्हणते. मी लग्न होऊन आले आणि पंधरा दिवसांत तिथे कामाला बसले, त्याला, ही गोष्ट घडली तेव्हा, आठ वर्षं झाली होती. मी येण्याआधी ताई ट्रायलला स्वतःचंच नाव भरायच्या, आणि रोज सकाळी स्वतःचं नाव कचऱ्यात टाकताना त्यांचं तोंड उतरायचं. मी म्हटलं, "ताई, कुणाचंच नसेल असं एखादं नाव भरू या ना."

पाच मिनिटांत मी ते जुळवलं. एक वेलांटी, एक उकार, एक जोडाक्षर, एक अनुस्वार. वेलांटी गोल वळली, जोडाक्षर चिकटलं नाही आणि अनुस्वार सुटला नाही, म्हणजे धाग्याचा ताण बरोबर. चार अक्षरं, ऐकायला मुलीचं वाटेल असं. अर्थ काही नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

रोज एक चिंधी. भरायची, उलटसुलट बघायची, पोत्यात टाकायची. पोतं भरलं की एक गादीवाला येऊन घेऊन जायचा. आठ वर्षांत ते नाव मी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

२

मला दिवस राहिले तेव्हा आम्ही दोघांनीही आशा सोडलेली होती. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, लोकांनी विचारणंही बंद केलं, आणि मग अचानक. माझा नवरा औषधाच्या दुकानात काम करतो. त्याला जेव्हा सांगितलं, तेव्हा त्यानं काउंटरवरची गोळ्यांची अख्खी बरणी पाडली आणि दुपारभर गोळ्या वेचत हसत राहिला.

नावाचा घोळ पाचव्या महिन्यापासून सुरू झाला. मुलगीच होणार हे त्यानं स्वतःच्या मनानं ठरवून टाकलं होतं. मी एखादं नाव सुचवावं आणि त्यानं तोंड वाकडं करावं.

"छे. या नावाच्या बाईंना मूळव्याध आहे."

"बरं, मग दुसरं."

"त्या नावाच्या बाई खोकल्याचं औषध ढोसतात. दर आठवड्याला बाटली."

"अरे, जगात अशी एक तरी बाई असेल ना, जी तुझ्या दुकानात येत नाही?"

"तिचंच नाव हवंय मला," तो म्हणाला.

आम्ही जेवायला बसलो होतो. माझ्या ओढणीला कारखान्यातली एक चिंधी चिकटून आली होती. ती त्यानं काढली, ताटाशेजारी सपाट केली, आणि डॉक्टरांची अक्षरं लावतो तशी डोळे बारीक करून वाचली.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. ट्रायलचं आहे."

"कुणाचंच नाही म्हणजे मग आपलं," तो म्हणाला. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. त्याच्या तोंडून ते खरंच गोड वाटलं. मलाच नवल वाटलं की इतकी वर्षं आपण हे कचऱ्यात टाकत होतो.

मग वेलांटी पहिली की दुसरी यावर वाद झाला. माझ्या मशिनवर पहिली होती, कारण दुसरीच्या टोकाला धागा अडकायचा. त्याचं म्हणणं, दुसरी भारदस्त दिसते. "मुलगी आहे, ग्रामपंचायत नाही," मी म्हटलं. त्यानं गोळ्यांच्या पाकिटावर दोन्ही लिहून फ्रिजला लावलं. वेलांटीचं ठरायचं राहिलं, पण नाव ठरलं.

३

दुसऱ्या दिवशी मी हवेत होते. शाळेचा ढीग पडला होता, निळे स्वेटर, छातीवर नाव. ट्रायलला चिंधी शोधली तर पोतं कालच गादीवाल्यानं नेलेलं. बाजूला एक बाद स्वेटर होता, सव्वीस नंबरचा, साधारण आठ वर्षांच्या मुलीला होईल असा. काखेत शिवण उसवली होती म्हणून ताईंनी वेगळा काढला होता. मी तोच लावला.

सुई चालू झाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव अक्षर अक्षर उमटताना मन लावून बघितलं. पोटावर हात ठेवला. मशिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी ते मोठ्यानं म्हटलं, आणि पुढे म्हटलं, "लवकर ये गं. वाट बघतेय मी."

एवढंच. कुठलीही आई म्हणेल तेच म्हटलं.

संध्याकाळी गठ्ठे बांधून गेले आणि मला आठवलं की बाद स्वेटर टेबलावर नाही. तो शाळेच्या गठ्ठ्यात गेला होता.

"जाऊ दे," ताई म्हणाल्या. "एक जास्त गेलाय, कमी तर नाही ना गेला? येईल परत."

तो परत आला नाही.

४

दोन महिन्यांनी शाळेच्या बाई उरलेली ऑर्डर घेऊन आल्या. उंच, घाईतल्या, बोटांना कायम खडू लागलेला. त्यांनी यादी दिली. नवीन आलेली सात मुलं, आणि ज्यांचे स्वेटर लहान झाले ती तीन. त्या तिघांत शेवटचं नाव ते होतं. पहिली वेलांटी. पुढे लिहिलेलं, अठ्ठावीस नंबर.

मी हसले. "बाई, हे आमच्याकडून चुकून आलेलं. ट्रायलचं नाव आहे ते. तो स्वेटर बाद होता."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "नेला ना तिनं."

"कोणी?"

"जिचा होता तिनं. मी सगळे स्वेटर टेबलावर मांडते, मुलं आपापलं नाव बघून उचलतात. शेवटी टेबल रिकामं होतं. आणि आता सांगून गेली की बाह्या आखूड होतात."

"तुमच्या वर्गात आहे का ती?"

बाईंनी जरा विचार केला. "माझ्या हजेरीत नाहीये. दुसऱ्या तुकडीची असेल. मागे बसते कधीकधी. अहो, साठ पोरं आहेत, मी कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?"

बाई गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली. एखाद्या पोरीनं फुकटचा स्वेटर मिळतोय म्हणून उचलला असणार. मग नाव विचारल्यावर छातीवरचं सांगितलं असणार. मुलं बिलंदर असतात. सगळं अगदी नीट बसत होतं. फक्त, दोन महिन्यांत कुठली मुलगी सव्वीसची अठ्ठावीस होते, एवढं एकच बसत नव्हतं.

मी ताईंना म्हटलं, हा एक नको करू या.

"का गं? ऑर्डर ती ऑर्डर," ताई म्हणाल्या, आणि मी पाय वर करून बसले होते तेव्हा त्यांनीच तो भरला. मी तिकडे बघितलं नाही. पण आवाजावरून मला कळत होतं, आता वेलांटी, आता उकार, आता अनुस्वार.

५

मुलगीच झाली. तिच्याबद्दल सांगायला बसले तर बाकीचं राहून जाईल, म्हणून एवढंच सांगते की तिचे कान माझ्या नवऱ्यासारखे आहेत, जरा जास्तच बाहेर आलेले, आणि मला ते जगातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी वाटतात.

घरी आल्यावर नवरा तिला त्या नावानं हाका मारायचा. आंघोळ घालताना, लंगोट बदलताना. ती छताकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, नावाला वळायचं वय व्हायचंय अजून.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना सिमेंटचा, त्यामुळे वर येणाऱ्याचं पाऊल न् पाऊल ऐकू येतं. दुपारी साडेचारला शाळा सुटते तेव्हा खालच्या मजल्यावरची मुलं धाडधाड येतात, भांडतात, दारं आपटतात. त्यांच्यामागून, थोड्या वेळानं, आणखी एक पाऊल यायचं. सावकाश. पहिला मजला ओलांडून, दुसरा ओलांडून आमच्या दाराशी थांबायचं.

बेल वाजायची नाही. परत जाण्याचा आवाजही यायचा नाही.

पहिल्या दिवशी मी दार उघडलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी आधी भोकातून बघितलं. समोरचं बंद दार, कठडा, त्यावर वाळत घातलेलं पायपुसणं. तिसऱ्या दिवशी मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, बाळंतपणात असे भास होतात, झोप पुरत नाही ना. मलाही ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या दिवशी नवरा सकाळी लवकर जायचा आणि घरात त्या नावाची हाक व्हायची नाही, त्या दिवशी ते पाऊल यायचं नाही. मी ताडून बघितलं. चार दिवस मी मुलीला नुसतं बाळ म्हटलं. चारही दिवस जिना रिकामा. पाचव्या दिवशी दुपारी मी पाळण्यावर वाकले आणि तोंडातल्या तोंडात, जेमतेम ऐकू येईल असं, ते नाव म्हटलं.

मुलगी छताकडे बघत होती. दाराबाहेरून कुणीतरी "ओ" म्हणालं.

मला भीती वाटली. मी मुलीला उचलून न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. नवरा आला तेव्हा मी तिथेच होते.

"अगं, खालची कार्टी असतील," तो म्हणाला. "चिडवत असतील."

"आपण नाव बदलू या."

त्याचा चेहरा पडला. दुकानात सगळ्यांना सांगून झालं होतं त्याचं. जन्मनोंदणीत नाव घालायचा फॉर्म त्यानं सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. फक्त नावाचा रकाना पेन्सिलीनं लिहिलेला होता, वेलांटीवरून माझ्याशी अजून तह झाला नव्हता म्हणून. तो म्हणाला, "हवं तर दुसरी वेलांटी करू. मग ते तुझ्या चिंधीवरचं नाव राहणारच नाही. आपलं वेगळं होईल." त्यानं खोडरबर घेतलं, पहिली पुसली, दुसरी काढली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू दुखणं बरं केलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला पाऊल आलंच. दाराशी थांबलं. तिला त्या वेलांटीशी काही देणंघेणं नव्हतं.

६

मुलगी तीन महिन्यांची झाली. फॉर्म द्यायचं लांबत चाललं होतं. नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून मुलीला त्याच्याकडे देऊन मी निघाले. आधी तासभर कारखान्यात जायचं, ताईंचं अडलेलं मशीन बघायचं, मग फॉर्म देऊन घरी. निघताना मी त्याला बजावलं, आज तिला नावानं हाक मारू नकोस. तो म्हणाला, बरं बाई.

मी मशीन उघडून बसले होते तेव्हा शाळेच्या बाई आल्या. कुणाचे तरी स्वेटर बदलून हवे होते. ते ताईंना देऊन त्या माझ्याकडे वळल्या, पिशवीतून घडी केलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हा तुमचा. मोठीनं दिलाय."

सव्वीस नंबरचा निळा स्वेटर. धुतलेला. छातीवर माझ्या हातचं भरलेलं नाव, पहिली वेलांटी, जोडाक्षर जरासं चिकटलेलं. मी काख उलटी करून बघितली. उसवलेली शिवण कुणीतरी शिवली होती. मशिननं नाही. हातानं, मोठमोठ्या वेड्यावाकड्या टाक्यांनी, पहिल्यांदाच सुई धरलेल्या मुलीनं शिवावी तशी. धागा आमच्याकडचाच होता, ट्रायलचा लाल.

"मोठी कोण?" मी विचारलं.

"तुमची. थोरली." बाई हसल्या. "मला लहान झाला, धाकटीला होईल म्हणाली. कित्ती शहाणी आहे हो. नाहीतर आमच्याकडे बघा, शाईचा रबर द्यायला तयार नसतात भावंडं."

"बाई, मला एकच मुलगी आहे. तीन महिन्यांची."

बाईंचं हसू गेलं नाही, पण अडकल्यासारखं झालं. त्यांनी ताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ, माझ्या कपाळाकडे, हनुवटीकडे. "पण ती तर अगदी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग घड्याळ बघून म्हणाल्या की त्यांचा तास आहे.

मी तो स्वेटर चिंध्यांच्या पोत्यात तळापर्यंत खुपसला, पोत्याचं तोंड सुतळीनं दोनदा बांधलं आणि वर इस्त्री ठेवली.

"बांधून काय होणार गं?" ताई हळूच म्हणाल्या.

मी पर्स उचलली.

७

नोंदणीच्या कचेरीत बाकावर बसून मी फॉर्म मांडीवर घेतला आणि पेन्सिलीचं नाव खोडलं. कागद फाटेल इतकं खोडलं. नवऱ्याला विचारलं नाही. त्याच्याशी नंतर भांडता येईल, आयुष्य पडलंय, असं मला वाटलं. मला फक्त माझी मुलगी त्या नावापासून लांब न्यायची होती. ते जिचं आहे तिला लखलाभ असो, तिनं आठ वर्षं ते कचऱ्यातून वेचलं असेल तर तिचा हक्कच आहे, पण माझ्या मुलीला त्यातून वगळा.

मग पेनानं मी एक नाव लिहिलं. अगदी साधं, दोन अक्षरी, प्रत्येक वर्गात तीन-तीन मुलींचं असतं तसं. लिहिताना ओठसुद्धा हलवले नाहीत.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म वाचला आणि शिक्का मारला. "याच नावाच्या आज तुम्ही चौथ्या," तो कंटाळून म्हणाला. "लोकांना दुसरं काही सुचत नाही का?"

त्या माणसाच्या पाया पडावं असं मला वाटलं. रस्त्यावर आले तेव्हा मला चक्क भूक लागली होती. गर्दीत माझी मुलगी कुणाला सापडणार नाही, असं मनाशी म्हणत मी घरापर्यंत चालत आले. या नावाच्या हजारो आहेत, शोध म्हणावं.

जिना चढताना साडेचार होऊन गेले होते. खालची मुलं येऊन गेली होती, त्यांच्या घरातून भांडणाचा आवाज येत होता. मी पायऱ्यांवर कान देत वर आले. माझ्याशिवाय कुणाचंही पाऊल नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की शेवटच्या चार पायऱ्या मी जवळजवळ पळत चढले.

दार नुसतं लोटलेलं होतं.

पुढच्या खोलीत नवरा खुर्चीत झोपला होता. तोंड उघडं, हातात दुधाची रिकामी बाटली. त्याच्यासमोर टीपॉयवर एक पेला होता, तळाशी दुधाचा थेंब, आणि काठावर ओठांचा लहानसा अर्धगोल. माझा नवरा दूध पीत नाही.

आतल्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. पाळण्याची कडी वाजत होती. करकर, मग थांबायची, मग पुन्हा करकर. सरावाच्या हातानं झोका द्यावा तशी.

मी नवऱ्याला हाक मारायला हवी होती. धावत आत जायला हवं होतं. मी स्वतःला हजारदा विचारलंय की मी तशी दारातच का उभी राहिले. मला वाटतं, आत गेले तर मला तिचं तोंड दिसलं असतं, आणि ते तोंड ओळखीचं निघेल याची मला खात्री होती.

दाराच्या फटीतून पाळण्याचा पायथा दिसत होता. मुलीच्या पायांवर काखेत लाल टाके घातलेला तोच निळा स्वेटर पांघरलेला होता, कडा नीट खाली दुमडलेल्या. आणि पाळण्याच्या दांडीवर एक हात. निळी बाही, नवी, अठ्ठावीस नंबरची. ती मनगटापर्यंत पोचत नव्हती. तीही लहान झाली होती.

मग तो आवाज आला. दाराबाहेरून एकदाच माझ्या कानावर आलेला, पण आता जवळून, प्रेमळ. तो माझ्या मुलीला हाक मारत होता. आमच्या ठरलेल्या नावानं नाही. ते ती कशाला देईल, ते तिचं होतं. ती दोन साधी अक्षरं म्हणत होती, जी तासाभरापूर्वी मी ओठ न हलवता लिहिली होती आणि कुणालाही सांगितली नव्हती. एकदा म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली, जरा लांबवून, लहानांना शिकवतात तसं.

पाळणा थांबला. आणि आजवर एकाही हाकेला न वळलेल्या माझ्या मुलीनं त्या हाकेला ओ दिली.